कुरकुर आणि मर्मर : दबक्या तक्रारीचा इतिहास

(धारूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



धारूरला यायचं आणि किल्ल्यावर बोलायचं नाही, हे जरा धाडसच आहे, याची मला कल्पना आहे. 1567 साली आदिलशाहीतल्या किश्वरखानानं हा किल्ला उभा केला. पुढे तो निजामशाहीकडे गेला, 1631 साली मुघलांनी घेतला, आणि गावाला फत्तेहाबाद हे नाव मिळालं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. किल्ल्याचा इतिहास तोफांच्या आवाजात लिहिलेला असतो. तो ऐकू येतो. मला आज बोलायचंय ते एका फार बारीक आवाजाबद्दल. इतका बारीक, की बहुतेक वेळा तो कागदावर उतरतच नाही.

सुरुवात एका इंग्रजी शब्दापासून करतो. शब्द आहे 'मर्मर'. शाळेत इंग्रजीच्या तासाला वहीच्या डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला अर्थ लिहायची पद्धत होती. तिथं आम्ही 'मर्मर' समोर 'कुरकुर करणे' असं लिहिलं आणि पाठ केलं. अर्थ चूक नव्हता. पण पुढे कधीतरी इंग्रजी कविता वाचताना ओढा मर्मर करतोय, पानं मर्मर करतायत, असं भेटायला लागलं. मग प्रश्न पडला, की ओढा कशाबद्दल कुरकुर करतोय? (हशा)

गंमत अशी आहे, की या शब्दाला दोन्ही अर्थ पहिल्यापासूनच आहेत. लॅटिनमध्ये 'मुर्मुर' म्हणजे दबका, सलग, शब्द नीट न कळणारा आवाज. पाण्याचा, मधमाश्यांचा, जमावाचा. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला, फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला, आणि येतानाच दुसरा अर्थ सोबत घेऊन आला : वरच्या माणसाविरुद्ध, त्याला नीट ऐकू जाणार नाही अशा बेतानं केलेली तक्रार. आपल्याकडे संस्कृतात 'मर्मर' आहेच. कालिदासाच्या कुमारसंभवात वसंत येतो तेव्हा वनात गळणाऱ्या पानांचा आवाज मर्मर असा होतो. व्युत्पत्तीचे अभ्यासक या शब्दांना शेजारी शेजारी ठेवतात. खरं नातं म्हणा, नाहीतर माणसाच्या कानाला जगभर एकसारखंच ऐकू येतं म्हणा. पण एक फरक लक्षात घ्या. संस्कृतातला मर्मर पानांपाशी, वस्त्रांपाशी थांबला. युरोपातला माणसांच्या तोंडी गेला. आपल्याकडे तो दुसरा अर्थ ज्यानं सांभाळला तो शब्द म्हणजे कुरकुर. तोही मुळात आवाजच. गाडीचं चाक कुरकुरतं, खाट कुरकुरते, नवी चप्पल कुरकुरते, आणि सून कुरकुरते. सासू कुरकुरते असं मात्र फारसं म्हणत नाहीत. ती बोलते.

हा शेवटचा मुद्दा मी विनोदासाठी सांगितलेला नाही. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तोच आहे. एकच गोष्ट, एकच दुःख. ते कोण बोलतंय यावरून त्याला 'तक्रार' म्हणायचं की 'कुरकुर' हे ठरतं. आणि ते ठरवतो ऐकणारा.

इंग्रजीत हा शब्द वापरतात कसा ते पाहा. सगळ्यात जास्त तो नकारात येतो. 'विदाउट अ मर्मर', म्हणजे चकार शब्द न काढता, निमूटपणे. आपलं 'ब्रसुद्धा काढला नाही' हे तसलंच. नोकरानं, सैनिकानं, बायकोनं, रयतेनं अमुक एक सोसलं, आणि मर्मरसुद्धा केली नाही. ही प्रशंसा आहे. म्हणजे आवाज जिथं नाही तिथं शाबासकी द्यायला हा शब्द उपयोगी पडतो. दुसरा वापर अनेकवचनी : असंतोषाची मर्मर ऐकू येऊ लागली. तिथं माणसं दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. आणि तिसरा वापर दवाखान्यातला. हृदयाची झडप नीट मिटत नसेल तर नळी लावल्यावर डॉक्टरला जो जादा आवाज ऐकू येतो, त्यालाही मर्मरच म्हणतात. दवाखान्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आता थोडं लांब जाऊ. इंग्लंडमध्ये, सहाशे वर्षांमागे. चॉसर नावाचा कवी होऊन गेला, चौदाव्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्या कँटरबरी कथांमध्ये शेवटी एक धर्मोपदेशक येतो आणि कथा सांगायच्या ऐवजी पापांची यादीच सांगत बसतो. मत्सराच्या पोटात तो मर्मर हे पाप घालतो. तिथं तो म्हणतो त्याचा आशय असा : धन्यानं रास्त काम सांगितलं तरी नोकरचाकर आतल्या आत कुरकुरतात; उघड नाही म्हणायची त्यांची छाती नसते, म्हणून ते चोरून पुटपुटतात; आणि या पुटपुटण्याला लोक 'सैतानाची प्रार्थना' म्हणतात. नाव झकास आहे. देवाची प्रार्थना जशी ओठातल्या ओठात म्हणायची, तशी ही सैतानाची.

पण त्या वाक्यात उपदेशक नकळत खरं सांगून गेलाय. हे लोक हळू का बोलतात? मोठ्यानं बोलायची सोय नाही म्हणून. पाप म्हणून तो जे मोजतोय, त्याचं कारणही त्यानंच शेजारी मांडून ठेवलंय. आणि काळ कुठला? 1381 साली इंग्लंडात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, ते चॉसरनं लंडनमध्ये राहून पाहिलेलं. मर्मर ऐकायची नाही असं ठरवलं की पुढे काय ऐकावं लागतं, ते त्या पिढीला पुरतं माहीत होतं.

ख्रिस्ती मठांमध्ये तर याहून आधीपासून या आवाजाची धास्ती आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी नियम घालून दिले. त्यात मर्मरीवर पुन्हा पुन्हा ताकीद आहे. काम केलंस पण मनातल्या मनात कुरकुरलास, तर ते काम देवापाशी रुजू होत नाही. तोंडानं नाही, मनातसुद्धा नाही! स्कॉटलंडात 1540 साली कायदाच झाला. न्यायाधीशाच्या सचोटीबद्दल खोटा बोभाटा करणं हा गुन्हा, आणि त्या गुन्ह्याचं नावच 'न्यायाधीशाविरुद्ध मर्मर करणे'. हे ऐकून आपल्याला हसू येतं, पण आपल्याकडे 124 अ कलम होतंच की. 1870 साली ते दंडसंहितेत आलं, आणि 1897 साली टिळकांवर त्याखाली खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला 'अप्रीती'चा अर्थ समजावला तो असा, की सरकारबद्दल प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. बेनेडिक्टच्या मठातला नियम आणि मुंबई हायकोर्टातला अर्थ यांच्यात तेराशे वर्षांचं अंतर आहे, पण दोघांचीही नजर एकाच ठिकाणी आहे : तोंडाच्या आत.

इंग्रजीत 'ग्रज' म्हणून आणखी एक शब्द आहे. आज त्याचा अर्थ मनात धरलेला डूख. पण त्याचा पूर्वज म्हणजे जुन्या फ्रेंचमधला कुरकुरणं या अर्थाचा शब्द. म्हणजे एके काळी तो आवाज होता. माणसानं आवाज गिळला आणि शब्द पोटात गेला. आपल्याकडे 'धुसफूस' तसाच अर्ध्या वाटेवर आहे, निम्मा आवाज, निम्मी आग.

आता घरी येऊ.

आपल्याकडच्या दबक्या तक्रारीच्या शब्दांची नुसती उजळणी करा. कुरकुर, कुरबूर, कुणकुण, कुजबूज, पुटपुट, भुणभुण, किरकिर, धुसफूस. प्रत्येकाची जागा वेगळी आहे. पुटपुट एकट्यानं करायची. कुजबुजीला दोघं लागतात. कुणकुण करता येत नाही, ती लागते. तीही ज्याच्याविरुद्ध चाललंय त्याला. कुरबूर भावाभावांत आणि दोन देशांच्या सीमेवर. किरकिर लेकराची, आणि म्हाताऱ्याच्या तब्येतीची. कुरकुर मात्र समोरच्याच्या देखत करायची. त्याला ऐकू जावं, पण उत्तर द्यावं लागू नये, एवढ्याच आवाजात. हे फार कसबी काम आहे. ज्यांना रोज करावं लागतं त्यांनाच जमतं.

आता दुसरी रांग पाहा. तक्रार, फिर्याद, अर्ज, दाद, कैफियत, हरकत. फरक कळला? पहिल्या रांगेतले सगळे शब्द आवाजाची नक्कल करणारे, जोडीजोडीनं येणारे, घरातले. मोल्सवर्थनं 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि 1857 साली वाढवून पुन्हा काढला. त्यात अशा कितीतरी शब्दांपुढे 'ध्वन्यनुकरण' या अर्थाची खूण आहे. दुसऱ्या रांगेतले सगळे शब्द फारसी-अरबी वाटेनं आलेले, कचेरीतले. मधे आपलं 'गाऱ्हाणं' तेवढं संस्कृत 'गर्हणे'वरून आलेलं, आणि तेही कोकणात देवापुढे घालतात. म्हणजे माणसापुढे घालून उपयोग नाही हे अनुभवानं कळल्यावर, असं मी गमतीनं म्हणतो. इंग्रजीतही हीच वाटणी आहे. 'कम्प्लेंट', 'पिटिशन', 'ग्रीव्हन्स' हे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या मागोमाग आले. 'मटर' आणि 'ग्रम्बल' हे नुसते आवाज. दरबार ज्याच्या भाषेत चालतो त्याची तक्रार. बाकीच्यांची कुरकुर.

'तक्रार' या शब्दापाशी जरा थांबतो. अरबीत तक्रार म्हणजे काय? पुन्हा पुन्हा म्हणणं. पुनरावृत्ती. मुशायऱ्यात शेर आवडला की लोक 'मुकर्रर' म्हणून ओरडतात ना, म्हणजे परत म्हणा, तो शब्द याच धातूचा. उर्दूत तकरारचा अर्थ वादावादी, भांडण असा झाला, आणि आपल्या अर्थासाठी तिथं 'शिकायत' आहे. मराठीनं मात्र तक्रारीला कचेरीत नेऊन बसवलं. पण मूळ अर्थ पाहा. तेच तेच पुन्हा म्हणत राहणं. मग कुरकुर म्हणजे तरी दुसरं काय? दोघींचं काम एकच. फरक एवढाच, की एकीसाठी कचेरीत वही उघडलेली असते आणि दुसरीसाठी नसते.

या गावासाठी हा फरक नुसता कोशातला नव्हता. हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात. 1884 च्या सुमारास राज्यकारभारात फारसी जाऊन उर्दू आली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. एका देशी भाषेला विद्यापीठापर्यंत नेणं हे त्या काळात मोठंच काम होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण बालाघाटावरच्या शेतकऱ्याच्या अंगानं विचार करा. तो घरात मराठी बोलणार, त्याचं दुखणं मराठीत, शिव्यासुद्धा मराठीत. कचेरीतला कागद उर्दूत. म्हणजे दुखणं सांगायला आधी अर्जनवीस गाठायचा, त्याला पैसे द्यायचे, आणि तो जे लिहील ते आपलंच म्हणणं आहे असं समजून अंगठा उठवायचा. गाव ते कचेरी या वाटेवर तुमच्या तोंडच्या कुरकुरीची तक्रार होते खरी, पण ती तुमची उरते का?

बरं, एकट्यानं नाही, चारचौघांनी मिळून बोलू म्हटलं, तर 1929 साली 'गश्ती निशान 53' आली. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, असा तिचा मतलब. आणि ही गश्ती येण्याआधीपासूनचा प्रकार तर आणखी बोलका आहे. हैदराबाद राज्यातल्या प्रजेची राजकीय परिषद भरायची, पण कुठं? 1923 साली काकिनाड्याला, 1926 साली मुंबईला, 1928 साली पुण्याला, 1931 साली अकोल्याला. यातलं एकही गाव निजामाच्या अंमलाखाली नव्हतं. घरातलं गाऱ्हाणं सांगायला शेजाऱ्याच्या ओट्यावर जायचं, तसं. ब्रिटिश मुलखात टिळकांना ज्या कलमाखाली तुरुंगात जावं लागलं, त्याच ब्रिटिश मुलखात हैदराबादची प्रजा मोकळं बोलायला जात होती. इतिहासात असे विनोद पुष्कळ असतात, पण ज्यांच्यावर होतात त्यांना हसू येत नाही.

राज्याच्या आत महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं ते 1937 साली. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. तोपर्यंत लोकांनी काय केलं? शाळा काढल्या, वाचनालयं काढली, गणेशोत्सवात कीर्तनं ठेवली. तुमच्या शेजारी अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी विद्यालय होतं. स्वामी रामानंद तीर्थ 1935 पासून तिथं होते, आणि तिथूनच 1938 साली लढ्यात गेले. वर्गात भूगोल शिकवायचा आणि भूगोलाच्या तासाला जे पोचवायचं ते पोचवायचं. सरकारच्या दृष्टीनं ही 'कुणकुण' होती. आज आपण 17 सप्टेंबर 1948 ची तारीख मोठ्यानं घेतो, ती घ्यायलाच हवी. पण त्या तारखेआधीची वीसेक वर्षं मराठवाडा हळू आवाजात बोलत होता. तो भित्रा होता म्हणून नाही. आवाजाची पट्टी गश्तीनं ठरवून दिली होती म्हणून.

मोमिनाबादचं नाव निघालंच आहे, तर एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो. तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती, गोरे अधिकारी होते. इंग्रज फौजेच्या बोलीत 1890 च्या आगेमागे कुरकुरीसाठी एक नवा शब्द रूढ झालेला दिसतो, 'ग्राउस'. तो कुठून आला कुणालाच नीट सांगता येत नाही. किपलिंगनं तो सोल्जरांच्या कवितेत वापरला. मला त्यात नवल वाटत नाही. फौजेत चार जणांनी मिळून तक्रार केली तर ते बंड ठरतं. मग उरतं काय? राज्य करायला आलेल्या फौजेतल्या खालच्या शिपायालाही शेवटी कुरकुरच लागते.

पुरुषांचं झालं. आता घरात या. जातं. पहाटे चारला जातं सुरू होतं, त्याची घरघर सगळ्या घरात भरते, आणि त्या घरघरीच्या आडोशानं बाई बोलते. सासरबद्दल बोलते, माहेरबद्दल बोलते, नवऱ्याचं नाव न घेता नवऱ्याबद्दल बोलते. ऐकणारे अंथरुणात जागेच असतात, पण ती ओवी आहे, तिला जाब कोण विचारणार? हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. तुमच्या शेजारच्या माजलगावात, भीमनगर वस्तीत, 1996 साली त्यांनी बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या प्रामुख्यानं बाबासाहेबांवरच्या आहेत. गावानं ज्यांचा आवाज पाणवठ्यापासून लांब ठेवला, त्या वस्तीतल्या बायका दगडाच्या आवाजाखाली कोणाचं नाव घेत होत्या ते आता कुणालाही ऐकता येतं. जात्यावरच्या ओवीला आपण लोकसाहित्य म्हणतो, प्रस्तावना लिहितो. चॉसरच्या उपदेशकानं हिलाही सैतानाची प्रार्थनाच म्हटलं असतं, कारण धन्याच्या घरात, धन्याला जाब विचारता येणार नाही अशा आवाजात ती चालते.

इथं एक आक्षेप येतो, तो मी स्वतःच घेतो. कुणी म्हणेल, कुरकुर म्हणजे वाफ दवडणं. कुरकुरलं की माणूस मोकळा होतो आणि परत निमूट कामाला लागतो. मालकाच्या तर ते फायद्याचंच. हे काही अंशी खरं आहे. जेम्स स्कॉट या अमेरिकन अभ्यासकानं 1990 च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नावर बराच खल केला आहे. कुरकुरीला तो आडपडद्यानं केलेली तक्रार मानतो. जितकं कळेल तितकंच बोलायचं, आणि जाब विचारला तर 'कुठं काय, काहीच नाही' म्हणायला मोकळं राहायचं. मला त्याचं म्हणणं पटतं, पण पुरतं नाही. कारण ही युक्ती एका गोष्टीवर उभी आहे : समोरच्याला थोडं तरी ऐकायची गरज असावी. गाडीचं चाक कुरकुरलं की गाडीवान आखाला वंगण घालतो, कारण गाडी त्याची आहे. चाक भाड्याचं असेल तर?

म्हणून आता आजच्याबद्दल बोलतो. तुमच्यासमोर हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण या मांडवातले कितीतरी जण स्वतः फडात राबलेले असतील.

दसरा झाला की या तालुक्यातून गाड्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता हे हत्याराचं नाव. आपण ते दोन माणसांना दिलं, आणि तेही दोघांना मिळून एक. जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल म्हणजे आगाऊ मजुरी, पण बोलताना ती कर्जासारखीच बोलली जाते. आता मला सांगा, पैसे आधीच घेतलेत, काम अजून व्हायचंय, मुक्काम परमुलखात, कोपी दुसऱ्याच्या रानात. अशा वेळी बाईच्या ओटीपोटात दुखायला लागलं, पाळी लांबली, अंगावरून जायला लागलं, तर ती काय करणार? आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही. एक दिवस बसली तर खाडा. खाड्याला दंड. दिवसाला पाचशे रुपये कापल्याचं कितीतरी जणींनी पत्रकारांना सांगितलं आहे. ती नवऱ्याजवळ बोलते. नवरा म्हणतो, 'काय कुरकुर लावलीस, फड उरकू दे.' तोही वाईट माणूस नसतो. त्याला उचल दिसत असते. आणि मुकादमापर्यंत तर ते जातच नाही.

मग ती कुठं बोलते? दवाखान्यात. माझं मघाचं बोलणं आठवा. तिथं डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतात? 'काय तक्रार आहे?' मराठीत दुखण्यालाही तक्रार म्हणतात, पोटाची तक्रार, पाठीची तक्रार. इंग्रजीतही तसंच. म्हणजे या बाईची कुरकुर जिथं पहिल्यांदा तक्रार म्हणून कागदावर आली, ती जागा म्हणजे केस पेपर. कामाच्या तासांबद्दलची, उचलीबद्दलची, पाण्याबद्दलची जी तक्रार होती ती सगळी आक्रसून पोटाची तक्रार झाली. आणि उत्तर मिळालं : पिशवी काढून टाका. कटकट नको.

2019 साली यावर ओरड झाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. साधा हिशेब करा, सहा बायकांमागे एक. पुढे खाजगी दवाखान्यांनी अशी शस्त्रक्रिया करायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं ठरलं. चांगलं झालं. पण मी इतिहासाचा माणूस आहे, मला त्या आकड्याच्या मागचं दिसतं. 13,861 बायका काही एका दिवशी दवाखान्यात गेल्या नाहीत. वर्षानुवर्षं, हंगामामागून हंगाम, कोपीत, फडात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्या हे बोलत होत्या. पुन्हा पुन्हा बोलत होत्या, म्हणजे अरबी अर्थानं ती तक्रारच होती. आपण, म्हणजे गावातल्या शिकल्यासवरल्यांनी, मीही त्यात आलो, तिला कुरकुर म्हणत होतो. आणि एखादी बाई हंगाम पुरा करून पाडव्याच्या सुमाराला परत आली, की आपण म्हणायचो, 'बघा, कधी ब्र काढला नाही.' शाबासकीच ती.

माझ्याकडे जुन्या कागदांवर काम करणारी मुलं येतात. त्यांना मी एक सवय लावू पाहतो, ती सांगतो. कुठल्याही सरकारी, मिशनऱ्याच्या किंवा सावकाराच्या कागदात 'लोक कुरकुर करीत होते पण त्यात काही तथ्य नव्हते' अशा अर्थाचं वाक्य दिसलं, की तिथं बोट ठेवून थांबायचं. बायबलाच्या मराठी भाषांतरात मोशेबरोबर रानात निघालेले लोक 'कुरकुर' करतात. तिथंही नीट वाचलं तर कळतं, की मागणी पाण्याची आणि भाकरीची होती. कागद लिहिणाऱ्यानं आवाज लिहिलेला असतो, मागणी आपण शोधायची असते. ती तालुक्याच्या दफ्तरात सापडत नाही. कधी ओवीत सापडते, कधी मुकादमाच्या वहीतल्या खाड्यांच्या खुणांत सापडते. कुठल्या बाईला कोणत्या महिन्यात किती खाडे पडले, हे त्या वह्यांत असतं. कुणी त्या वह्या जपून ठेवतं का, मला शंका आहे. इथं कुणाच्या घरात, माळ्यावर, जुन्या पेटीत असतील तर कृपा करून जाळू नका, रद्दीत घालू नका. व्याख्यान संपल्यावर मला भेटा.

वेळ झालेला दिसतोय, कार्यकर्ते घड्याळ दाखवायलेत. प्रश्न घेऊ. माईक एकच आहे, तर तो मागच्या बाजूनं सुरू करा, तिकडं मघापासून बायकांचं काहीतरी बोलणं चाललंय.